पाणी जातं, साखर अडते

आमच्या घराला घर म्हणावं की गोदामाची पुढची बाजू, हे मला लहानपणी कधी नक्की ठरवता आलं नाही. रस्त्याला लागून बाबांची गादी, म्हणजे व्यापाराची बैठक, गादीच्या मागे ओसरी, ओसरीच्या आत आईचं स्वयंपाकघर, मग विहिरीचं अंगण, आणि अंगण संपलं की टिनाच्या छपराचं लांबच लांब गोदाम. गोदामात आढ्यापर्यंत सरकीची आणि ढेपेची पोती. कापसातून रुई काढून घेतली की जे बी उरतं ती सरकी, आणि सरकीतलं तेल काढून घेतलं की जो चोथा उरतो ती ढेप. ती गाईम्हशींना घालतात. हे सांगायची आमच्या जिल्ह्यात खरं तर गरज पडू नये, पण मी आता बोरगाव मेघेला ज्या बिल्डिंगमध्ये राहते तिथल्या पोरांना सरकी कशाला म्हणतात ते ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवते. गाव आमचं हिंगणघाटच्या अलीकडचं, वणा नदीच्या काठापासून थोडं आत. जिनिंग सुरू असलं की दिवसभर कापूस पिंजून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांची घरघर कानात असायची, इतकी की ती थांबली की माणसं बोलता बोलता गप्प होऊन एकमेकांकडे बघत. हवेत कापसाचे तंतू उडत. ते वाळत घातलेल्या पापडांवर बसत, दह्यात सापडत, आमच्या भुवयांवरसुद्धा असत. आई प्रत्येक भांड्यावर फडकं बांधायची, आणि तरी वरणात रुई निघालीच तर बाबा ती बोटावर घेऊन तिचा धागा ताणून बघायचे आणि म्हणायचे, "माल चांगला हाये." आई त्यावर हसायची नाही, पण वाढताना तुपाची धार जरा लांबायची.

बाबांचा सगळा संसार नमुन्यावर चाले. परखी म्हणून एक टोकदार, पोकळ पन्हळी असते. ती पोत्यात खुपसली की पोटातला माल बाहेर येतो आणि पोतं उसवावं लागत नाही. बाबा परखीतली सरकी तळहातावर घेत, अंगठ्यानं दाबत, दोन बोटांत फिरवत, एखादं बी दाढेखाली फोडत, आणि मग बोलत. हात आधी, तोंड मागून, अशी त्यांची रीत. ही सवय गादीपुरती राहिलेली नव्हती. बाजारातली वांगी, दुकानातली चादर, ताईसाठी सांगून आलेलं स्थळ, कशालाच ते नमुना बघितल्याशिवाय हो म्हणत नसत. भावजींना पहिल्याच भेटीत बाबांनी पाठीवर हात ठेवायच्या निमित्तानं खांदा दाबून बघितला होता, असं ताई अजून सांगते. मला वाटतं ती थोडं वाढवून सांगते, पण अगदीच खोटंही नसेल.

आई महानुभाव घरातली. तिनं उपदेश घेतलेला होता, म्हणजे पंथाची दीक्षा, आणि तो तिनं जन्मभर सैल होऊ दिला नाही. मांसमच्छी तर सोडाच, अंड्याचं नावही आमच्या घरात निघत नसे. निघालंच तर 'ते पांढरं' एवढंच. बाबांच्या घरातही पिढ्यान्‌पिढ्या तसंच होतं, पण बाबांना ते आयतं मिळालं होतं आणि आईनं ते स्वतःहून धरलेलं होतं, हा फरक मला बराच पुढे कळला. एरवी आई खाऊ घालण्यात कुणाला हार जायची नाही. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, थंडीत गोळाभात आणि त्यावर चरचरीत फोडणीचं तेल. गोळाभाताचा वास गोदामातल्या ढेपेच्या वासात मिसळला की संध्याकाळ झाली असं आम्ही समजत असू. मला आजही कुठे ढेपेचा वास आला की आधी भूक लागते. याचं शास्त्रीय कारण मी वर्गात सांगू शकेन, पण सांगत नाही.

माझी मैत्रीण सुजाता गावाच्या पलीकडच्या टोकाला, विहाराजवळच्या वस्तीत राहायची. तिचे वडील पोस्टात होते, आई घर बघायची आणि चार कोंबड्या पाळायची. त्यांच्या घरात पोरांनी शिकायचं की नाही हा प्रश्न कधी उठलाच नाही. काय शिकायचं एवढाच उठे. सुजाता जिभेनं तिखट आणि गणितात पक्की. ती आमच्याकडे रोज यायची, पण ओसरीपर्यंत. ओसरीच्या आत ती का येत नाही हे आमच्या घरात कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. आई तिला ओसरीवर चिवडा द्यायची, आस्थेनं द्यायची, आणि ती बशी वेगळी घासली जायची. सुजाताला हे सगळं दिसत होतं. ती चिवडा संपवायची आणि बशी स्वतःच विहिरीजवळच्या दगडावर नेऊन ठेवायची, जरा आवाज करून.

दहावीच्या वर्षी विज्ञानाच्या सरांनी आम्हाला पेशीचं पटल शिकवलं, आणि मी बिघडले. बिघडले हा आईचा शब्द. सरांनी फळ्यावर एक गोल काढला आणि म्हणाले, ही पेशीची बाहेरची रेघ तुम्ही पेन्सिलीनं एका झटक्यात काढता, पण ती रेघ नाही. लग्नात दोन पंगती पाठीला पाठ लावून बसतात तसं समजा. एका पंगतीची तोंडं पेशीच्या बाहेर, दुसरीची आत, आणि दोन्हीकडे पाणी. तोंडांना पाणी आवडतं. पाठी मात्र तेलकट, त्यांना पाणी सोसत नाही, म्हणून त्या एकमेकींना चिकटून मधे लपतात. आणि ही पंगत एका जागी बसत नाही, सारखी सरकत असते, तरी मोडत नाही. मधेमधे प्रथिनं खोवलेली, ती दारांचं काम करतात. प्राणवायूसारखे बारके कण थेट पार होतात. साखरेचा कण मोठा आणि पाण्यात रमणारा, त्याला तेलातून जाता येत नाही. काही क्षार असे, की ते आत कमी आणि बाहेर जास्त ठेवायचे असतात. त्यांना चढावरून गाडी ओढावी तसं ओढून बाहेर काढावं लागतं आणि त्यात पेशीची ताकद खर्च होते. शेवटी सरांनी वहीत एक वाक्य लिहून घ्यायला सांगितलं: पाणी जातं, साखर अडते. आमच्या शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता आणि त्याची भिंगं सरकलेली होती. पण मला काही बघायची गरजच वाटली नाही. आपल्या अंगात अशा सरकत्या पंगती बसलेल्या आहेत, त्या काय आत घ्यायचं आणि काय नाही हे सारखं ठरवताहेत, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही, या विचारानं मी त्या रात्री भाकर खाताना सुद्धा स्वतःच्या घशाकडे लक्ष ठेवून होते.

आमच्या गावात दहावीनंतर कला शाखा होती. सायन्सला हिंगणघाटला जावं लागे, रोज एसटीनं. सुजाताचं जायचं ठरलेलंच होतं. मी घरी विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "आर्टात काय वाईट हाये? घरी जेवायले येशीन." बाबा गादीवर सरकी निवडत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "त्या सायन्सात असते तरी काय?" मी पेशी, पटल, पंगत असं भराभर सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "बोलणं रायू दे. ज्या मालाचा नमुना पाह्यला नाई त्याचा सौदा म्या आजलोक केला नाई. तुह्या सायन्सचा नमुना दाखव. पटला तं जाशीन. नाई पटला तं मंग तुही माय म्हणते तसं." मला ते ऐकून आनंद झाला. बाबा नाही म्हणाले नव्हते, आणि नमुना मागणं म्हणजे त्यांच्या हिशेबानं माल विकणाऱ्याला मान देणं होतं.

पहिला नमुना बटाट्याचा केला. सोललेला बटाटा मधोमध कोरून वाटी केली, त्यात साखर घातली आणि तो ताटलीतल्या पाण्यात ठेवला. संध्याकाळपर्यंत वाटीत पाणी भरलं. बाहेरचं पाणी बटाट्याच्या पेशींमधून साखरेकडे ओढलं जातं, याला परासरण म्हणतात, असं मी बाबांना सांगितलं. बाबांनी वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं. "हे तं तुही माय रोज करते. काकडीले मीठ लावलं का पाणी सुटते." मग जरा वेळानं म्हणाले, "तू म्हणते कोनी तरी अडवते. अडवते तो कोन, ते दाखव. गोदामात माल अडते तो कुलपानं. हे कुलूप कुठी हाये?" मी पुन्हा पंगतीचं सांगितलं. तेलाचं नाव ऐकल्यावर मात्र ते सावरून बसले, कारण तेल हा त्यांचा प्रांत. "मधात तेल हाये म्हणते ना? मंग तेलातून पाणी कसं पार होते? त्याइचं तं जनमाचं वैर."

मी तो प्रश्न शाळेत नेला. सरांना विचारलं तर ते म्हणाले, थोडं थोडं झिरपत असेल. पाण्यासाठी त्या पटलात प्रथिनांच्या वेगळ्या बारीक वाटा असतात हे पुस्तकांत आलं, तोवर मी स्वतः कॉलेजात शिकवत होते आणि बाबा थकले होते. मी सुट्टीत गावी गेल्यावर मुद्दाम त्यांच्या खाटेशी बसून सांगितलं. बाबा म्हणाले, "असनच. वाटेबिगर पाणी कुठी जाते?" आणि कूस बदलून झोपले. माझ्या विषयातली इतकी मोठी बातमी इतक्या सहज पचवलेला दुसरा माणूस मला भेटला नाही.

तर बटाटा फसला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर सुजाता म्हणाली, "अंडं पाह्यजे. सिरक्यात ठेवलं का वरचं टरफल विरघळते आन् आतलं अस्तर तसंच राह्यते. सरांनं सांगतलं होतं नं? मंग दिसनच तुह्या बाबाले अडवते कोन ते."

"आमच्या घरी?"

"हो वं, तुह्या घरी अंडं नेणं म्हंजे पुलगावच्या मिल्ट्रीच्या डेपोतून बॉम्ब नेणं हाये. म्हून तं गोदामात ठेवू. गोदाम काई घर नोहे."

गोदाम घर आहे की नाही, हा माझा जुनाच प्रश्न, आणि तो सुजातानं एका वाक्यात निकालात काढला. तिनं डब्यात सरकीवरची रुई भरून त्यात अंडं आणलं. गोदामाला गल्लीकडून एक मागचं दार होतं, तिथून आम्ही शिरलो. किराणा दुकानातून सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली आणली होती. पोत्यांच्या मागे एका जुन्या काचेच्या ग्लासात ते अंडं सिरक्यात बुडवलं, आणि बुडवताक्षणी त्याच्यावर बारीक बुडबुडे चढले. आम्ही दोघी डोकं जवळ घेऊन बघत राहिलो. एक-दोन दिवसांत कवच मऊ पडलं, पाण्याखाली बोटानं चोळलं तसं पिठासारखं निघून गेलं, आणि हातात उरलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पातळ कातडीतलं एक ओलं, मऊ ओझं. दाराच्या फटीशी धरलं की आतला पिवळा बलक हलताना दिसत होता. मग ते साध्या पाण्यात ठेवलं. पाणी आत शिरून ते चांगलं टरारून फुगलं. आता याला साखरेच्या पाकात टाकलं की आतलं पाणी बाहेर येणार आणि ते आक्रसणार, असा आमचा बेत होता. इथे मला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी सांगायला हवं, की ते काही खरं पेशीपटल नव्हे. ते अंड्याच्या कवचाखालचं अस्तर. पटलाचा लांबचा नातेवाईक म्हणा. पण पाण्याला वाट देणं आणि साखर अडवणं, एवढं काम तेही इमानानं करतं.

दुपारी आई पोथी वाचायला बसल्यावर मी बाबांना गोदामात बोलावलं. सुजाता पोत्यांच्या आडोशाला उभी. बाबा आत आले, ग्लासाकडे बघितलं आणि थबकले.

"हे काय हाये?"

"ते पांढरं," मी म्हणाले. "टरफल काढलेलं."

बाबांनी अंगणाकडे वळून बघितलं. स्वयंपाकघरातून आईचा वाचनाचा आवाज येत होता. ते परत जातील असं मला वाटलं. पण व्यापाऱ्यापुढे नमुना ठेवला आणि तो न बघता गेला, असं त्यांच्या बाबतीत झालं नसतं. मी ग्लासातलं अंडं हलकेच बाहेर काढून ताटलीत ठेवलं आणि म्हणाले, "हे जे पातळ दिसते नं बाबा, हेच अडवते. आता हे पाण्यानं भरलं हाये. साखरेच्या पाकात टाकलं का पाणी बाहीर येते." बाबा वाकले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. "भल्ली पातळ हाये वं," असं म्हणत त्यांनी ते उचललं, तळहातावर घेतलं, आणि आयुष्यभर प्रत्येक मालाला जे केलं तेच त्यालाही केलं. अंगठ्यानं दाबलं आणि दोन बोटांत फिरवलं.

त्या माणसानं जन्मात अंडं हातात धरलेलं नव्हतं. ते असं फुटलं की पांढरं त्यांच्या बंडीवर, बलक धोतरावर आणि थोडं मिशीवर. बाबा तसेच हात पुढे धरून उभे राहिले. माझ्या तोंडून आवाज निघेना. पोत्यांमागून सुजाताचा मात्र निघाला. तो हसण्याचा होता, आणि तिनं तो ओढणीत कोंबला. वाचनाचा आवाज थांबलेला होता. आई अंगणातल्या दारात उभी होती.

तिनं बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग एकच प्रश्न विचारला. "जीव होता का त्यात?"

मला माहीत नव्हतं. मी पोत्यांकडे बघितलं. पोत्यांमागून सुजाता बाहेर आली आणि म्हणाली, "नाई काकू. आमच्या इथी कोंबडा नाई हाये. कोंबड्याबिगर त्यात जीव नाई धरत."

आईनं ते ऐकून घेतलं. ती पोर आपल्या गोदामात कशी, हे तिनं विचारलं नाही. बाबांना तिनं अंगणात उभं केलं आणि लांबून बादल्यांनी पाणी ओतलं. बंडी आणि धोतर परत घरात आलं नाही. रात्री जेवायला नुसती खिचडी होती, वर तेल नाही, लोणचं नाही. माझ्या पानात वाढताना ती म्हणाली, "असलं शिकायले म्या तुले नाई पाठवत. झालं आता." आमच्या घरात आई ओरडायची नाही. ओरडली असती तर मी काहीतरी बोलू शकले असते. त्या रात्री मी धरून चालले की माझं सायन्स संपलं, आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण चूक कुणाचीच नव्हती आणि तरी माझं जाणं थांबलं होतं. सुजाता एकटी एसटीत बसलेली मला दिसत होती. खिडकीपाशी.

पण बाबांचं अजून संपलं नव्हतं. गादीवर बसल्या बसल्या ते आपला अंगठा बोटांवर घासत होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाले, "केवढंसं होतं ते. आन् एवढं पाणी धरून होतं." मग म्हणाले, "नमुना ज्याच्या हातून खराब झाला त्यानं भरून द्याचा असते. बजारचा कायदा हाये." मला वाटलं ते बोलून मोकळे झाले. ते उठले, टोपी घातली, खांद्यावर पंचा टाकला आणि बाहेर पडले.

पुढचं मला सुजातानं सांगितलं, कारण ते तिच्या दारात घडलं. बाबा विहाराजवळच्या वस्तीत पायी गेले, पोस्टातल्या साहेबांचं घर विचारत. सुजाताच्या आईनं दार उघडलं तर दारात सरकीवाले शेठ. बाबा म्हणाले, "बाई, तुमच्या कोंबडीचं एक द्या. पोरीचा नमुना माह्या हातून फुटला." सुजाताच्या आईनं त्यांना आधी बसवलं आणि चहा ठेवला. "तुह्या बाबानं चहा पेला," सुजाता म्हणाली. "बशीत ओतून. आन् दुसरा कप मांगतला." हे सांगताना ती हसत नव्हती. मीही हसले नाही. आमच्या घरातल्या कुणी त्यांच्याकडे पाणी प्यायल्याचं तोवर आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं, आणि मला त्या क्षणी बाबांचा इतका अभिमान वाटला की रडू आलं.

मग बाबा अंडं पंच्यात गुंडाळून, दोन्ही हातांनी छातीशी धरून, भर बाजारातून परत आले. परखी धरणारे हात होते ते, पण बाबा पावलं अशी जपून टाकत होते, की लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते. कुणीतरी विचारलं, "शेठ, काय हाये पंच्यात?" बाबा म्हणाले, "नमुना." घरी ते गादीवरून आत आले नाहीत. गल्लीनं फिरून अंगणाच्या दारात उभे राहिले. सुजाता त्यांच्या मागे होती. आई विहिरीवर भांडी घासत होती. तिनं हात थांबवले.

"थांबा तथीच," ती म्हणाली. मग, "कोंबड्याचं इचारलं का?"

"इचारलं. नाई हाये अजून."

"शेजाऱ्याचा?"

बाबांनी सुजाताकडे बघितलं. हे त्यांनी विचारलेलं नव्हतं. सुजाता म्हणाली, "आमच्या कोंबड्या खुराड्यात राह्यतेत काकू. बाहीर सोडतच नाई माय. मांजर हाये गल्लीत."

आई उठली. हात पुसत आत गेली, आणि बाहेर आली ती लोणच्याची मोठी काचेची बरणी घेऊन. रिकामी, घासलेली. ती बरणी आता पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही हे तिला कळत होतं आणि आम्हालाही. "यात ठेवा," ती म्हणाली. "ग्लासात काई दिसत नाई नीट. आन् घरात नाई आणाचं. गोदामात." मग जरा थांबून माझ्याकडे बघत म्हणाली, "पाक लागन म्हणत होतीस नं? कसा पाह्यजे? पातळ का गोळीबंद?"

सिरक्याचे दिवस गेले आणि कवच निघालं तेव्हा आईनं पाक केला. पातेलं जड होतं, आणि मी गोदामात बरणी धरून उभी होते, म्हणून तिनं ओसरीवरच्या सुजाताला आत हाक मारली. सुजाता स्वयंपाकघरातून पातेलं उचलून अंगणातून घेऊन आली. तिच्या चालण्यात काही फरक नव्हता. आता नागपूरला ती मोठी डॉक्टर होऊन निवृत्त झाली आहे, दर आठवड्याला फोन करते, आणि आम्ही दोघी जगातलं सगळं बोलतो. त्या पातेल्याबद्दल मात्र आम्ही कधी बोललो नाही.

पाकात ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बघायला गेलो. जिनिंग बंद झालेलं होतं आणि गोदामात मंद उजेड होता. अंडं बरणीत आक्रसून बसलं होतं, कातडीला घड्या पडलेल्या, आणि त्याच्याभोवती पाक पातळ झालेला दिसत होता. बाबा समोरच्या पोत्यावर बसले होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून, मुद्दाम बांधून. बराच वेळ त्यांनी मान तिरकी करून बघितलं. "आतलं पाणी बाहीर आलं," ते म्हणाले. "आन् हा गडी जसाच्या तसा." कातडीला ते गडी म्हणत होते. मी सांगितलं, आता हे परत साध्या पाण्यात ठेवलं तर पुन्हा फुगेल. "ठेव उद्या," बाबा म्हणाले. "पाहू."

आई कधी आली ते आम्हाला कळलं नाही. ती दाराच्या आत, पोत्याला पाठ लावून उभी होती. पदर नाकाशी धरलेला होता, पण नजर बरणीवर होती.

"साखर गेली का आत?" तिनं विचारलं.

"नाई. ते अडली. पाणीच बाहीर आलं."

"आन् आपल्या अंगातल्या पेशीत? तथी बी साखर कधीच जात नाई?"

"जाते," मी म्हणाले. "नेणारं कोनी असलं का जाते. त्या पडद्यातच असतेत ते. हाताले धरून आत नेतेत."

 आईनं पदर खाली घेतला. सुजाता माझ्या शेजारी उभी होती, तिचा हात माझ्या हाताला लागत होता. बाबा बरणीकडेच बघत होते. मला वाटलं आई आता जाईल, कारण दिवेलागणीची वेळ झाली होती आणि देवाजवळ दिवा लावायचा होता. ती वळलीही. मग दारातून, बाबांना उद्देशून, म्हणाली,

"हिंगणघाटची पयली गाडी कितीले सुटते?"

"पहाटेची हाये. उजाडाच्या आंधी," बाबा म्हणाले. "काऊन?"

"काऊन म्हंजे? पोट्टीचा डबा कोन करन मंग?"